दिवसा सत्याग्रह, रात्री पहारा : अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नागरी हक्क लढ्यातली बंदूक

पारावरचा

मार्टिन ल्यूथर किंग म्हणजे अहिंसा आणि माल्कम एक्स म्हणजे बंदूक, ही पाठ्यपुस्तकी वाटणी दक्षिणेतल्या पहिल्याच गावात मोडते. माल्कम एक्स यांचं बहुतेक काम उत्तरेतल्या शहरांमधलं. मिसिसिपी, लुइझियाना, अलाबामात ज्यांनी रात्री बंदूक हातात धरली, ते त्यांचे अनुयायी नव्हते. रविवारी चर्चला जाणारे शेतकरी, गिरणीकामगार आणि दुसर्‍या महायुद्धातून किंवा कोरियातून परतलेले सैनिक होते ते. त्यातले बरेच जण दिवसा मतदार नोंदणीच्या रांगेत उभे असत.

खुद्द किंग यांचंच पाहा. माँटगोमेरीचा वर्णभेदाविरुद्धचा बसबहिष्कार ५ डिसेंबर १९५५ ला सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. आत पत्नी आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. बाहेर जमाव जमला, काहींच्या हातात हत्यारं होती. किंग यांनी त्याच ओसरीवर उभं राहून लोकांना घरी पाठवलं. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला, हे फारसं कोणी सांगत नाही. महिनाभरात अहिंसेचे जुने प्रचारक बेयार्ड रस्टिन तिथे पोचले, तेव्हा घरात बंदुका होत्या. सोबतचा पत्रकार खुर्चीत बसणार तोच रस्टिन ओरडले, कारण खुर्चीवर पिस्तूल पडलेलं होतं. पुढे किंग यांनी घरातली शस्त्रं काढून टाकली. म्हणजे त्यांची अहिंसा जन्मजात नव्हती. ती शिकलेली होती, त्या वर्षभरात.

त्यामुळे 'कोण बरोबर होतं' हा वाद बाजूला ठेवू. अहिंसा प्रत्यक्षात कशी शिकवत, पहारा कसा ठेवत, आणि दोन्ही कुठे फसलं, हे जाणकारांनी लिहावं.

सावजी_रस्सा

शिकवण्याचा धागा थेट नागपुरात येतो, म्हणून आधी मी.

जेम्स लॉसन कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देऊन तुरुंगात गेले. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनतर्फे १९५३ मध्ये नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं राहिले. गांधींचं काम त्यांनी इथे जवळून अभ्यासलं. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. १९५६ मध्ये परत गेले, १९५७ मध्ये किंग यांची भेट झाली. शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या, असं किंग यांनी त्यांना सांगितलं. लॉसन नॅशव्हिलला गेले.

तिथे एका चर्चच्या तळघरात त्यांचे वर्ग चालत. डायेन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट हे सगळे याच वर्गांतले. हे प्रवचन नव्हतं, तालीम होती. दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्यांना बसू देत नसत, म्हणून खुर्च्या मांडून तसाच खोटा काउंटर करायचा. निम्मे विद्यार्थी गिर्‍हाईक, निम्मे गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खालची खुर्ची ओढायची, केस धरून खाली पाडायचं. मग भूमिकांची अदलाबदल. मारणार्‍याच्या जागी बसल्याशिवाय तो कशाने चेकाळतो ते कळत नाही, म्हणून ही अदलाबदल महत्त्वाची.

शरीराचे नियमही ठरलेले. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी कानशिलं झाका. एकालाच फार मार बसत असेल तर दुसर्‍याने अंगावर आडवं होऊन मार वाटून घ्यायचा. जमलं तर मारणार्‍याच्या डोळ्यात पाहत राहायचं.

प्रत्यक्ष आंदोलनासाठी छापील सूचना होत्या. उलट मारू नका, शिव्या देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवू नका, म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. यातली 'वाट अडवू नका' ही सूचना वरवर सौजन्याची वाटते, पण पोलिसांच्या हाती आयतं कलम लागू नये हाही तिचा अर्थ आहे.

१३ फेब्रुवारी १९६० ला पहिलं मोठं धरणं झालं. २७ तारखेला हल्ला झाला, अटक मात्र मार खाणार्‍या ८१ जणांना झाली. एक तुकडी उचलली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी येऊन बसे. दंड भरायला नकार, त्याऐवजी तुरुंग. जोडीला शहरातल्या दुकानांवर खरेदीबहिष्कार, तोही ईस्टरच्या हंगामात. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाचं, लूबी यांचं, घर बॉम्बने उडवलं. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा महापौरांकडे गेला. पायर्‍यांवर डायेन नॅश यांनी विचारलं, माणसाच्या रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर हो म्हणाले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले.

माझ्या मते इथे तालमीइतकंच काम गल्ल्याने केलं. दुकानदाराचं नुकसान होत नसतं तर महापौरांचा 'हो' वर्तमानपत्रातच राहिला असता.

शेवंता

प्रतिसाद आवडला. पण हे शहर झालं. खेड्यात ना काउंटर, ना वार्ताहर. तिथे ही तालीम काय कामाची?

कोळपणी

शेवंता, नेमका प्रश्न. मिसिसिपीच्या ग्रामीण भागात हल्ला रात्री आणि चालत्या गाडीतून व्हायचा. मारणार्‍याच्या डोळ्यात पाहायला तो दिसायला तर हवा.

तिथे आधी जमिनीचं गणित समजून घ्यायला हवं. वाट्याने शेती करणार्‍याने मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला की मालक त्याच दिवशी घराबाहेर काढे. फॅनी लू हेमर यांचं १९६२ मध्ये तेच झालं. ज्याची जमीन स्वतःची, तोच टिकायचा. होम्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) माइल्स्टनमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या शेती योजनेतून काळ्या कुटुंबांना जमिनी मिळाल्या होत्या. त्या काउंटीत चळवळीने मूळ धरलं ते तिथेच.

९ एप्रिल १९६३ ला तिथले चौदा जण लेक्सिंग्टनच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. त्यात हार्टमन टर्नबो होते. पुढच्याच महिन्यात रात्री त्यांच्या घरावर पेटत्या बाटल्या पडल्या. बायको-मुलगी बाहेर पळाली, तर बाहेर माणसं दबा धरून होती. टर्नबो यांनी रायफल घेऊन गोळीबार केला आणि हल्लेखोर पळाले. आता पुढचं वाचा. शेरीफने टर्नबो यांनाच अटक केली, स्वतःचं घर स्वतः जाळल्याच्या आरोपाखाली! संघटक बॉब मोझेस आणि आणखी काही जणही आत. केंद्राच्या न्याय खात्याने दावा लावला तेव्हा आरोप मागे घेतले गेले.

म्हणजे बंदुकीने घर आणि जीव वाचला, पण तुरुंगातून सोडवायला खटलाच लागला.

स्थानिक कार्यकर्ते ॲमझी मूर यांचं मिसिसिपीतल्या क्लीव्हलंडचं घर रात्रभर दिव्यांच्या झोतात असे. ॲमिट काउंटीत स्टेप्टो यांच्या घरात खोलीखोलीत बंदूक. अहिंसेच्या शपथा घेतलेले कार्यकर्ते अशाच घरांत झोपत. पाहुण्याने यजमानाला 'तुमची बंदूक बाहेर ठेवा' म्हणायचं कसं? जून १९६४ मध्ये या कार्यकर्त्यांच्या विद्यार्थी संघटनेच्या (एसएनसीसी) बैठकीत यावर बराच खल झाला. आपल्या लोकांनी शस्त्र बाळगायचं नाही, एवढं कायम राहिलं. शेतकर्‍याने स्वतःच्या दारात काय करावं, हे त्याच्यावर.

त्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांना दिलेले सुरक्षेचे नियम वाचण्यासारखे आहेत. एकट्याने कुठे जायचं नाही, रात्रीचा प्रवास टाळायचा. गाडीतून हातोडी, कानस, लोखंडी पट्टी असं शस्त्र म्हणून दाखवता येईल ते सगळं काढायचं, दारूची बाटली तर नकोच. स्थानिक लोकांची नावं-पत्ते खिशात ठेवायचे नाहीत. रात्री गाडीतून उतरताना आतला दिवा लागता कामा नये. दारात उजेड पाठीशी घेऊन उभं राहायचं नाही, उघड्या खिडकीजवळ झोपायचं नाही, घराच्या मागच्या भागात झोपायचं. घिरट्या घालणार्‍या गाडीचा नंबर, बनावट, वर्ष टिपायचं. पोचल्यावर फोन.

तिसरी_घंटा

कोळपणी, नियम उत्तम होते, पण कुठे तुटले तेही लिहा. २१ जून १९६४. चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तीन कार्यकर्ते जळालेलं चर्च पाहायला नेशोबा काउंटीत गेले. दुपारी चारपर्यंत परत यायचं ठरलं होतं. आले नाहीत म्हणून कार्यालयाने तुरुंगांना फोन लावायला सुरुवात केली, म्हणजे यंत्रणा चालली. पण वेगमर्यादा मोडल्याच्या नावाखाली पकडणारा उपशेरीफच क्लॅनचा (कू क्लक्स क्लॅन, गोर्‍या वर्चस्ववाद्यांची दहशती संघटना) होता. फोन करू दिला नाही, रात्री दहाच्या सुमारास सोडलं आणि रस्त्यात गाठलं. ४ ऑगस्टला मातीच्या बांधाखाली मृतदेह मिळाले. हाताशी बंदूक असती तरी काय झालं असतं? अटकेच्या वेळी जप्त झाली असती, वर कलम लागलं असतं.

मिसिसिपीतले नागरी हक्क कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचंही तसंच. ते शस्त्र बाळगणारे, माजी सैनिक. जॅक्सनमधल्या घराला रस्त्याकडे दारच नव्हतं, गाडी उभी करायच्या बाजूने प्रवेश. मुलांना आवाज आला की जमिनीवर पडायचं शिकवलेलं. एवढं सगळं करून १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर ते गाडीतून उतरले आणि समोरच्या झुडपातून एकच गोळी पाठीत. दबा धरून बसलेल्या बंदूकवाल्यापुढे घरातली बंदूक निरुपयोगी. मारेकर्‍याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं.

त्यामुळे अलीकडे 'खरी चळवळ बंदुकीनेच वाचवली' असा जो सूर निघतो, तो मला मान्य नाही.

कोळपणी

तसं मी म्हटलेलं नाही. बंदूक उपयोगी पडली ती एका ठरावीक प्रकारच्या हल्लेखोरापुढे: चार-पाच जण, गाडीतून, दारू पिऊन, आपल्याला काहीच होणार नाही या खात्रीने आलेले. ती खात्री मोडली की बहुतेक जण परत येत नसत. ठरवून आलेला मारेकरी आणि गणवेशातला माणूस यांच्यापुढे ती चालली नाही. एव्हर्स यांचं उदाहरण याच हिशेबात बसतं.

अर्धवट_वकील

रॉबर्ट विल्यम्स यांच्याशिवाय हा धागा अपुरा आहे. उत्तर कॅरोलायनातलं मन्रो. माजी सैनिक. नागरी हक्क संघटनेची तिथली शाखा सहा सदस्यांवर आली होती. त्यांनी बिलियर्डच्या अड्ड्यांवरून, बांधकामांवरून माणसं गोळा केली. सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर काळ्या मुलांनाही जाता यावं ही मागणी. त्यावरून क्लॅनच्या गाड्यांचे ताफे वस्तीतून फिरू लागले. विल्यम्स यांनी राष्ट्रीय रायफल संघटनेची रीतसर शाखा काढली, म्हणजे सराव कायदेशीर झाला. ५ ऑक्टोबर १९५७ ला ताफा डॉ. पेरी यांच्या घरावर आला, तेव्हा घर वाळूच्या पोत्यांनी बंदिस्त होतं. आतून गोळीबार झाला, ताफा पांगला, कोणी मेलं नाही. लगेच नगरपालिकेने क्लॅनच्या ताफ्यांवर बंदी घातली. आधी अर्ज-विनंत्या करून हेच मिळत नव्हतं.

पण मे १९५९ मध्ये एक गोरा आरोपी सुटल्यावर न्यायालयाच्या पायर्‍यांवर विल्यम्स रागाने बोलले, की हिंसेला हिंसेनेच उत्तर द्यावं लागेल. संघटनेने सहा महिने निलंबित केलं. पहार्‍यावर आक्षेप नव्हता, त्या वाक्यावर होता. किंग यांनी त्या वर्षी दिलेलं उत्तर नीट वाचलं तर तीन कप्पे दिसतात: निखळ अहिंसा, स्वसंरक्षणापुरती हिंसा, आणि पुढे सरकण्याचं साधन म्हणून संघटित हिंसा. दुसर्‍या कप्प्याला ते अनैतिक म्हणत नाहीत, गांधींचाही हवाला देतात. त्यांचा विरोध तिसर्‍याला. त्यांची भीती अशी की रस्त्यावर बंदूक दिसली की दुसरा आणि तिसरा कप्पा लोकांना वेगळा दिसत नाही.

ऑगस्ट १९६१ मध्ये गावात दंगलीचं वातावरण असताना एक गोरं जोडपं वस्तीत शिरलं. विल्यम्स यांनी जमावापासून वाचवायला त्यांना घरात घेतलं. आरोप लागला अपहरणाचा. आधी क्यूबा, मग चीन, परत १९६९ मध्ये. सशस्त्र माणसाला गोळीने संपवावं लागत नाही, एक फिर्याद पुरते.

अवांतर: आपल्याकडे भारतीय दंडविधानाची कलमं ९६ ते १०६ खासगी बचावाचा हक्क देत होती, आता न्याय संहितेत ३४ ते ४४. पण शस्त्र बाळगायला परवाना लागतो. अमेरिकेत शस्त्र बाळगणं राज्यघटनेतला हक्क. हा फरक विसरून केलेली तुलना लंगडी पडते.

चवदार

महाडला २० मार्च १९२७ ला मार खाऊनही बाबासाहेबांनी लोकांना आवरलं होतं, आणि त्यांत कितीतरी माजी सैनिक होते. तेही इथे यायला हवं.

संपादक

महाडसाठी वेगळा धागा काढा, इथे दुवा द्या. तो विषय दोन ओळींत उरकू नये.

पारावरचा

सहमत. वकीलसाहेब, डीकन्सबद्दल लिहा. तिथे तर दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर दिसतात.

अर्धवट_वकील

डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस. १९६४ मध्ये लुइझियानातल्या जोन्सबरोत सुरुवात. पोलिसांच्या गाडीमागोमाग क्लॅनचा ताफा काळ्या वस्तीतून गेला, तेव्हा पोलिसांवर विसंबणं संपलं. काम साधं: चळवळीच्या कार्यकर्त्यांना गाडीतून पोचवणं-आणणं, रात्री वस्तीच्या वाटांवर गस्त, परक्या गाडीची खबर वॉकी-टॉकीवर. एकाच मापाची काडतुसं घाऊक घेता यावीत म्हणून शस्त्रं शक्यतो एका जातीची. शीघ्रकोपी माणसाला सहसा घेत नसत. पहारेकर्‍याचं खरं काम गोळी न झाडणं हे असतं, हे या मंडळींना पक्कं कळलं होतं.

मार्च १९६५ मध्ये शाळेबाहेर विद्यार्थ्यांची निदर्शनं होती. अग्निशमन दलाचे पाइप त्यांच्यावर रोखलेले. डीकन्सची गाडी आली, चौघे उतरले आणि सगळ्यांसमोर शॉटगन भरल्या. पाइप गुंडाळून अग्निशमन दलाची गाडी गेली. निदर्शकांनी दगडसुद्धा उचलला नव्हता.

बोगालुसाची गोष्ट मोठी आहे. कागद गिरणीचं गाव, क्लॅन जोरात. १ फेब्रुवारी १९६५ ला रॉबर्ट हिक्स यांच्या घरी दोन गोरे कार्यकर्ते मुक्कामाला होते. पोलिसप्रमुख निरोप घेऊन आले की जमाव येतोय, आम्ही संरक्षण देणार नाही, यांना बाहेर काढा. हिक्स यांनी फोन फिरवले. थोड्याच वेळात घर बंदूकधारी शेजार्‍यांनी भरलं, जमाव आला नाही. त्याच महिन्यात तिथे डीकन्सची शाखा निघाली.

८ जुलैला मोर्चावर हल्ला झाला. दगड लागलेल्या मुलीला गाडीत घालत असताना जमावाने गाडीला घेरलं. एका डीकनने हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या. तो वाचला. आणि दोनच दिवसांनी केंद्रीय न्यायाधीश क्रिस्टनबेरी यांनी पोलिसांना हुकूम दिला, निदर्शकांचं संरक्षण करा. पाठोपाठ न्याय खात्याने त्याच पोलिसांवर अवमानाची कारवाई आणि क्लॅनवर दावा दाखल केला. डिसेंबरमध्ये क्लॅनविरुद्ध मनाई हुकूम निघाला.

तिसरी_घंटा

क्रिस्टनबेरींचा हुकूम ज्या दाव्यावर निघाला, तो हिक्स यांनी गोळीबाराच्या आधीच लावला होता ना? मग श्रेय कोणाला?

अर्धवट_वकील

दावा आधीचा, बरोबर. पण वर्षभर सुस्त असलेलं केंद्र त्या आठवड्यात धावलं, कारण दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटण्याची शक्यता दिसली. कागद तयार नसता तर त्या घाईतून लष्करी बंदोबस्त आला असता. कागद तयार होता म्हणून हुकूम आला. मी दोघांना अर्धं-अर्धं देतो.

तिसरी_घंटा

अर्धं मी देणार नाही, पाव देतो. :)

आता अहिंसा फसते कशी तेही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी वाटेन. ऑल्बनी, जॉर्जिया, १९६१-६२. पोलिसप्रमुख प्रिचेट यांनी चळवळीची पद्धत आधीच वाचून ठेवली. तुरुंग भरणार हे ओळखून आसपासच्या काउंट्यांतल्या कोठड्या आधीच ठरवून ठेवल्या. पोलिसांना तंबी होती की कॅमेर्‍यासमोर हात उचलायचा नाही. शेकडो अटका झाल्या, तुरुंग भरलाच नाही, जामिनाचे पैसे संपले. किंग दंड न भरता आत बसले, तर कोणीतरी परस्पर दंड भरून त्यांना बाहेर काढलं! मागण्याही पसरट होत्या, सगळं एकदम हवं. ऑगस्ट १९६२ मध्ये किंग हात हलवत परतले.

बर्मिंगहॅमला १९६३ मध्ये ते शिकून गेले. लक्ष्य एकच, शहरातली दुकानं. किंग यांचे सहकारी वायट वॉकर यांनी काउंटरची स्टुलं मोजली, सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चपासून दुकानांपर्यंत चालत किती मिनिटं लागतात तेही मोजलं. स्वयंसेवकांकडून दहा कलमी शपथपत्रावर सही घेत आणि खिशातला चाकू काढून घेत. २ मे पासून शाळकरी मुलं उतरली. प्रिचेट यांच्याउलट इथे पोलिसांचे प्रमुख कॉनर होते, त्यांनी कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले. धोका आला तो कडेच्या बघ्यांकडून. त्यांना कोणी तालीम दिली नव्हती, त्यांनी दगड-बाटल्या फेकायला सुरुवात केली. जेम्स बेव्हेल यांनी पोलिसांचाच कर्णा घेतला आणि शांत राहायचं नसेल तर घरी जा, असं सांगून त्या दिवसाचं आंदोलन थांबवलं. नागपुरातून आलेली तालीम इथे दिसते.

सावजी_रस्सा

तर्रीसुद्धा पोचली असती तर बरं झालं असतं.

बंदूक 'दाखवण्याचं' पुढे काय झालं तेही बघा. २ मे १९६७ ला ब्लॅक पँथर्स ही काळ्यांची सशस्त्र संघटना भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेली. सार्वजनिक जागी भरलेलं शस्त्र बाळगायला बंदी घालणारं विधेयक येत होतं, त्याच्या निषेधासाठी. जुलैत गव्हर्नर रेगन यांची त्यावर सही झाली. जोन्सबरोत जे चौघांना जमलं ते इथे उलटलं, कारण इथे समोर ना जमाव होता ना कोणी मार खात होतं. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथरने नाव तिथूनच घेतलं, पण गस्तीची पद्धत घेतली नाही, घेता येण्यासारखीही नव्हती. वकीलसाहेबांनी वर परवान्याचं सांगितलंच आहे.

शेवंता

शेवटचा प्रश्न. डीकन्स आणि किंग एकत्र कधी चालले का?

कोळपणी

हो, जून १९६६. जेम्स मेरेडिथ यांनी मेम्फिसहून जॅक्सनपर्यंत पदयात्रा सुरू केली, दुसर्‍याच दिवशी त्यांना गोळ्या लागल्या. इतरांनी यात्रा पुढे न्यायची ठरवली. मेम्फिसच्या बैठकीत विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकल म्हणाले की डीकन्सचा पहारा हवा. जुन्या, सौम्य संघटनांचे नेते रॉय विल्किन्स आणि व्हिटनी यंग निघून गेले. किंग थांबले. त्यांची अट अशी की यात्रा अहिंसकच राहील आणि गोर्‍यांना वगळायचं नाही. डीकन्स कडेने चालत, पुढे जाऊन झुडपं आणि वळणं तपासत, रात्री तळाभोवती जागत.

२३ जूनला काँटनमध्ये शाळेच्या मैदानावर तंबू ठोकले, तेव्हा हल्ला झालाच. अश्रुधुर, बंदुकीचे दस्ते, लाथा. हल्ला करणारे क्लॅनचे नव्हते, राज्याचे पोलीस होते. मैदानात डीकन्स होते, त्यांच्याकडे शस्त्रं होती. त्या रात्री त्यांच्याकडून एकही गोळी सुटली नाही.